खटका कधी ओढायचा, कधी सोडायचा

लंडन ऑलिम्पिकमधली पुरुषांची क्रॉस-कंट्री शर्यत १२ ऑगस्ट २०१२ रोजी एसेक्समधल्या हॅडली फार्मवर झाली. झेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव्ह कुल्हावी आणि स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर शेवटपर्यंत चाकाला चाक लावून आले आणि कुल्हावीने एका सेकंदाने सुवर्णपदक नेलं. शुर्टरची सायकल हार्डटेल होती, म्हणजे सस्पेन्शन फक्त पुढच्या फोर्कला. तिसऱ्या आलेल्या इटलीच्या मार्को फोंतानाचीही हार्डटेलच. त्याची तर सीट तुटून पडली होती आणि शेवटचा टप्पा बिचाऱ्याने उभ्यानेच मारला. कुल्हावीच्या सायकलीला पुढे आणि मागे दोन्हीकडे सस्पेन्शन होतं. अशी सायकल हार्डटेलपेक्षा जड असते, तरी शेवटच्या धावेत ती कमी पडली नाही.

मागचं सस्पेन्शन चढावर ताकद खातं, ही तोवरची पक्की समजूत होती. ती अगदीच खोटी नव्हती, म्हणून तर कंपन्यांनी हँडलबारवर खटका आणला. अंगठ्याने दाबला की सस्पेन्शन घट्ट, पुन्हा दाबला की मोकळं. आज आपल्याकडे पंचवीस-तीस हजारांच्या हार्डटेलपासून काही लाखांच्या कार्बन सायकलीपर्यंत हे लॉकआउट कुठल्या ना कुठल्या रूपात असतं आणि सायकल घेताना दुकानदार ते हमखास दाखवतो. ते कधी वापरायचं, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं.

माझं मत आधीच सांगतो. पूर्ण लॉक डांबरासाठी आहे. डोंगरात, अगदी चढावरसुद्धा, मधली स्थिती किंवा खुलं सस्पेन्शन बहुतेक वेळा जास्त वेग देतं. ज्या सायकलीचं सस्पेन्शन स्वाराच्या वजनाला लावलेलंच नाही, तिच्यावर कितीही भारी खटका बसवला तरी उपयोग शून्य.

आत काय चालतं

बहुतेक हवेच्या फोर्कमध्ये डाव्या नळीत हवेची स्प्रिंग असते आणि उजव्या नळीत तेलाचा डँपर. स्प्रिंग वजन पेलते, डँपर तिची उसळी आवरतो. ऑफिसच्या काचेच्या दाराला वर जो डोअर क्लोजर असतो, तोच हा प्रकार: तेल बारीक छिद्रांतून जातं, त्याला वेळ लागतो, म्हणून हालचाल संथ होते. लॉकआउट म्हणजे या छिद्रांपैकी दबण्याच्या दिशेचं मोठं छिद्र बंद करणं. हवा तशीच राहते, तेलाला मात्र वाट मिळत नाही.

पूर्ण लॉकमध्येही चांगला डँपर शंभर टक्के बंद होत नाही. ठरावीक जोरापलीकडे दणका बसला की आतली एक झडप उघडते आणि तेल निघून जातं. लॉक करून विसरलात आणि मोठ्या दगडावर आदळलात, तर मनगटं आणि डँपरचे सील यामुळेच वाचतात. स्वस्त फोर्कमध्ये ही सोय नसते किंवा नावापुरती असते. तिथे लॉक करून उतारावर जाणं महागात पडू शकतं.

आता ताकद वाया जाण्याचं. पेडलच्या एका फेरीत दोनदा जोर लागतो, दोन्ही वेळा शरीराचं वजन थोडं हलतं आणि सायकल डुलते. उभं राहून पेडल मारलं की हे डुलणं दुप्पट वाटतं. हल्लीच्या फुल सस्पेन्शन सायकलींत ते बरंच कमी झालंय, पण त्याचं श्रेय खटक्याचं नाही. मागचा हात ज्या बिंदूवर फिरतो, त्या पिव्हटची जागा अशी निवडतात की चेन ताणली गेली की ती सस्पेन्शनला दबू देत नाही. डिझायनरांना हे नीट जमू लागलं ते पुढे एकच दातेरी चाक, म्हणजे एकच चेनरिंग राहिल्यावर. पुढे दोन-तीन चेनरिंग असताना प्रत्येकीवर चेन वेगळ्या उंचीवरून ओढली जायची आणि सगळ्यांना सोयीची जागा सापडायची नाही. गिअर बनवणाऱ्या श्रॅमने २०१२ मध्ये पुढे एक आणि मागे अकरा गिअरांची रचना आणली, पुढे मागचे गिअर बारा झाले, आणि पुढचा गिअर बदलणारा लिव्हर हँडलबारवरून गेला.

डावा अंगठा मोकळा झाला. त्या रिकाम्या जागेवर सस्पेन्शनचा खटका आणि सीट खाली-वर करणाऱ्या ड्रॉपरचा खटका, असे दोघे हक्क सांगायला आले. क्रॉस-कंट्री सायकलीच्या डाव्या बाजूला आज जी गर्दी दिसते, तिचं मूळ इथे आहे.

हाताने, वजनाने, विजेने

सस्पेन्शन आवरायचे तीन मार्ग आजवर लोकांनी शोधले.

पहिला मार्ग हाताचा. यात स्कॉटचा ट्विनलॉक सर्वांत परिचित: एकाच खटक्याने पुढचा फोर्क आणि मागचा शॉक दोन्ही बदलतात आणि तीन टप्पे मिळतात, उतारासाठी खुलं, मधलं, आणि पूर्ण बंद. मधल्या टप्प्यावर मागच्या शॉकमधली हवेची जागाही कमी होते, त्यामुळे सायकल मागे कमी बसते आणि चढावर पुढचं चाक उचललं जात नाही. शुर्टर वर्षानुवर्षं याच कंपनीच्या सायकलींवर धावला आणि एलिट गटातली दहा विश्वविजेतेपदं त्याच्या नावावर आहेत. ती त्याच्या पायांची कमाई, हे खरंच. पण इतक्या वरच्या पातळीवरही अंगठ्याने चालणारी साधी केबल पुरली, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. रॉकशॉक्सचा मूठ फिरवून चालणारा ट्विस्टलॉक आणि ओर्बियाचा ड्रॉपरही सोबत घेणारा स्क्विडलॉक ही याच घरातली भावंडं.

हाताच्या खटक्यात दोन गोष्टी घेतानाच पाहा. एक, मधली स्थिती आहे का. फक्त खुलं आणि बंद देणाऱ्या खटक्यात डोंगरात सर्वांत कामाची जागाच गायब असते. दोन, केबल तुटली किंवा सुटली तर सस्पेन्शन कुठल्या अवस्थेत राहतं. काही रचनांत केबल ओढल्यावर लॉक होतं, काहींत ओढल्यावर उघडतं. दुसऱ्या प्रकारात केबल गेली की सायकल लॉक अवस्थेत अडकते आणि घाटाच्या माथ्यावर तुम्ही कडक फोर्क घेऊन उभे राहता. दुकानदाराला केबल सैल करून दाखवायला सांगा, एका मिनिटाचं काम आहे.

दुसरा मार्ग स्वाराने काहीच न करण्याचा. स्पेशलाइज्डने २००३ मध्ये एपिक या सायकलीत ब्रेन नावाची रचना आणली. मागच्या चाकाजवळ एका छोट्या डब्यात स्प्रिंगवर तोललेलं पितळी वजन. स्वार वरून पेडल मारतो तेव्हा वजन जागचं हलत नाही आणि झडप बंद राहते. दगडाने चाक खालून वर ढकललं की डबा वर जातो, वजन जडत्वामुळे मागे राहतं आणि झडप उघडते. वीज नाही, खटका नाही. तक्रारही होती: उघडायला क्षणभर लागे आणि पहिल्या दणक्याला टक् असा धक्का जाणवे. ती तक्रार कमी करण्यात कंपनीने दोन दशकं घालवली आणि २०२४ च्या एपिक ८ मधून ब्रेन काढून टाकला. जुनी एपिक विकत घेत असाल तर तो डबा दुरुस्त करून देणारं जवळपास कोण आहे, ते आधी शोधा. नसेल तर किंमत त्या हिशोबाने पाडून मागा.

तिसरा मार्ग विजेचा. लापिएरने २०१२ च्या सुमाराला तो आणला, फॉक्सचा लाइव्ह व्हॉल्व्ह २०१८ मध्ये आला, रॉकशॉक्सचा फ्लाइट अटेंडंट २०२१ मध्ये मोठ्या ट्रॅव्हलच्या (म्हणजे सस्पेन्शन जास्त दबणाऱ्या) सायकलींवर आणि २०२४ मध्ये क्रॉस-कंट्रीसाठी. फोर्क, शॉक आणि क्रँकमधले सेन्सर चढ-उतार, दणके आणि पेडलची हालचाल वाचतात आणि छोटी मोटर डँपर उघडते, अर्धा करते किंवा बंद करते. क्रॉस-कंट्रीच्या आवृत्तीत पॉवर मीटरचीही भर पडली, त्यामुळे स्वार किती जोर लावतोय हेही हिशोबात येतं. श्रॅमच्या वायरलेस गिअरची बॅटरी इथेही चालते, ही त्यातली शहाणी गोष्ट.

हे छान चालतं, यात शंका नाही. विश्वचषकाच्या शर्यतीत, हृदयाचे ठोके १८० च्या वर असताना, दर फेरीत अनेकदा अंगठा हलवायचं काम डोक्यावरून उतरलं तर फायदा होतोच. पण आपल्याकडे रविवारी सकाळी तीन-चार तास सायकल मारणाऱ्याला त्या पैशांत काय मिळतं? माझ्या मते फार काही नाही. मोटर किंवा सेन्सर बिघडला तर भाग मागवायला आठवडे जातात आणि तोवर सायकल खोलीत. तीच रक्कम चाकं, टायर आणि नियमित सर्व्हिसवर घातली तर फरक पहिल्याच फेरीत कळतो.

आधी सॅग, मग बाकीचं

खटका हा शेवटचा मजला आहे. खालचे मजले बांधताना घाई करू नका. एक निवांत दुपार, शॉक पंप, मोजपट्टी आणि एक मित्र, इतकं पुरे.

पहिल्यांदा टायरची हवा बघा, कारण पहिला दणका टायर झेलतो. आजचे २.४ इंची ट्यूबलेस टायर साधारण सत्तर किलोच्या स्वाराला वीस-बावीस पीएसआयवर छान चालतात. मागे एक-दोन जास्त, पुढे एक-दोन कमी. चाळीस पीएसआय भरून फोर्क कडक आहे म्हणणारे बरेच भेटतात.

मग सॅग, म्हणजे तुमच्या नुसत्या वजनाने सस्पेन्शन किती बसतं ते. नेहमीचे कपडे, बूट, हेल्मेट, पाठीवर पाण्याची पिशवी घेऊन बसा. सस्पेन्शन पूर्ण खुलं ठेवा. लॉक करून सॅग मोजणारेही असतात. मित्राला सायकल धरायला सांगा, नेहमीच्या पवित्र्यात बसा, फोर्क आणि शॉकवरचं रबरी ओ-रिंग सीलला टेकवा आणि न उसळता हळूच उतरा. ओ-रिंग किती सरकलं ते मोजा. फोर्कला एकूण ट्रॅव्हलच्या १५ ते २० टक्के: म्हणजे १०० मिलिमीटरच्या फोर्कला १५ ते २०, १२० च्या फोर्कला १८ ते २४. मागच्या शॉकला २० ते २५ टक्के, पण हे टक्के शॉकच्या स्ट्रोकचे, म्हणजे शॉक स्वतः जेवढा दबतो त्याचे, चाकाच्या ट्रॅव्हलचे नव्हेत. इथे पुष्कळ जण फसतात. सायकलीचा ट्रॅव्हल १२० असला तरी शॉकचा स्ट्रोक ४५ मिलिमीटर असू शकतो आणि मग तुम्हाला हवा आहे तो सॅग ९ ते ११ मिलिमीटर.

हवा भरताना अधूनमधून थांबून फोर्क किंवा शॉक आठ-दहा वेळा हळू दाबा. आत मुख्य कप्प्याच्या उलट बाजूला हवेचा आणखी एक छोटा कप्पा असतो. दाबताना दोन्हींतला दाब सारखा होतो आणि पंपाचा काटा खाली येतो. हे केलं नाही तर पहिल्या किलोमीटरमध्येच सॅग बदलतो. पंप काढताना जो फुस्स आवाज येतो, तो चांगल्या पंपात नळीतल्या हवेचा असतो, शॉकमधल्या नाही. म्हणून मुद्दाम पाच पीएसआय जास्त भरू नका.

आपल्या हवामानाची एक गंमत इथे लागू पडते. हिवाळ्यात पहाटे १२ अंशांवर शॉकमध्ये १०० पीएसआय भरलात आणि दुपारी उन्हात तो ३२ अंशांना पोचला, तर तोच दाब १०८ च्या घरात जातो. सह्याद्रीत डिसेंबर-जानेवारीत असा फरक रोजचा. सकाळी मऊ वाटणारी सायकल परतताना कडक वाटते, त्याचं अर्धं कारण हे आणि अर्धं तुमचे थकलेले हात. ज्या वेळी सायकल मारता, त्याच वेळच्या तापमानात हवा लावा.

त्यानंतर रिबाउंड, म्हणजे दबलेलं सस्पेन्शन परत वर येण्याचा वेग. बहुतेक मोठ्या कंपन्यांत ही गुंडी लाल असते. फोर्कमध्ये ती उजव्या नळीच्या तळाशी सापडते. काही फोर्कवर कासव आणि सशाचं चित्र असतं, कुठला कशासाठी ते सांगायला नको. आधी पूर्ण कासवाकडे फिरवा, मग क्लिक मोजत पूर्ण सशाकडे, आणि बरोबर मध्यावर या. पदपथाच्या कडेवरून बसल्या बसल्या उतरा. सायकल दबली, एकदा वर आली आणि स्थिरावली, तर ठीक. दोन-तीनदा उसळली तर दोन क्लिक कासवाकडे. उतरल्यावर मेल्यासारखी हळू वर आली तर दोन क्लिक सशाकडे.

संथ रिबाउंड फसवा असतो, म्हणून त्यावर थोडं थांबू. ओळीने दगड आले की संथ फोर्क पहिल्या दगडातून सावरून वर येण्याआधीच दुसरा दगड येतो, मग तिसरा. फोर्क दर दणक्याला थोडा खाली खाली बसत जातो आणि शेवटी जवळपास दबलेल्या अवस्थेतच चालतो. हाताला ते कडक लागतं. स्वार म्हणतो हवा जास्त झाली, हवा कमी करतो, फोर्क आणखी बसतो आणि दुखणं वाढतं. फोर्क कडक वाटला की आधी रिबाउंड दोन क्लिक जलद करून बघा, पंप नंतर. आणि वजनदार स्वाराने हवा जास्त भरली की रिबाउंड थोडा संथ लागतो, हेही लक्षात असू द्या.

फेरी संपली की ओ-रिंग कुठे आहे ते बघायची सवय लावा. नेहमीच्या वाटेवर ट्रॅव्हलचा शेवटचा दहावा हिस्सा फेरीत एखाद-दोनदाच वापरला जायला हवा. सॅग बरोबर असूनही ठक्कन तळ लागत असेल तर हवा वाढवू नका. हवेच्या कप्प्यात प्लास्टिकचा एक स्पेसर टाकून घ्या. सुरुवातीचा मऊपणा तसाच राहतो, शेवट कडक होतो.

वाटेवर अंगठा कुठे

डांबरावर लॉक, इतकं सोपं आहे. पायथ्याच्या गावापर्यंतचा रस्ता, घाटातला गुळगुळीत चढ, उभं राहून शेवटची धाव: इथे खटका बिनधास्त ओढा.

डांबर संपून मुरूम लागला की मधली स्थिती. सह्याद्रीतल्या घाटवाटांवर सुट्या दगडांचा घसारा असतो, कोकणात जांभ्याचे खडबडीत सडे. अशा जागी लॉक करून चढलात तर मागचं चाक दगडावरून उडतं, टेकतं, पुन्हा उडतं. चाक हवेत असलेला प्रत्येक क्षण पेडलचा जोर फुकट. सस्पेन्शन थोडं हललं तर चाक जमिनीला धरून राहतं आणि डुलण्यात जेवढं गेलं त्याहून जास्त पकडीतून परत मिळतं. अगदी पायऱ्यांसारखा, उभा आणि दगडाळ चढ असेल तर खुलं ठेवा आणि बसूनच पेडल मारा.

उतारावर खुलंच. अडचण अशी की माथ्यावर दम लागलेला असतो, फोटो काढलेले असतात, आणि खटका लॉकवर राहून जातो. याला एक सवय पुरते. माथ्यावर ड्रॉपर खाली घ्यायचा आणि त्याच हालचालीत सस्पेन्शन उघडायचं. ड्रॉपर नसेल तर पाण्याची बाटली परत ठेवताना खटक्याला हात लावायचा. एकदा अंगवळणी पडलं की डोकं लागत नाही.

नव्या सायकली कशा बदलल्या

नव्वदच्या दशकात क्रॉस-कंट्री सायकलीचा पुढचा कोन, म्हणजे फोर्कची नळी जमिनीशी करते तो, ७१ अंशांच्या आसपास असायचा आणि फोर्क ६०-८० मिलिमीटरचा. आज कोन ६६ ते ६८ आणि फोर्क ११० किंवा १२०. कोन जितका कमी तितकं पुढचं चाक स्वारापासून पुढे, आणि उभ्या उतारावर हँडलबारवरून उलटं पडायची भीती तितकी कमी. सांगाडा लांब, स्टेम आखूड, सीटची नळी अधिक उभी. शर्यतीचे मार्ग अवघड झाले, म्हणून हे घडलं. टोकियो ऑलिम्पिकमध्ये इझूच्या मार्गावर कृत्रिम दगडांचे कडे होते. सरावात एका उडीखाली असलेली फळी शर्यतीत काढलेली होती, आणि तिथेच मॅथ्यू व्हॅन डर पूल आपटला. त्या दिवशी सुवर्ण मिळालं ब्रिटनच्या टॉम पिडकॉकला, फुल सस्पेन्शनवर. २०२४ मध्ये पॅरिसजवळच्या एलांकूरला त्याने ते टिकवलं, तेही मध्येच टायर पंक्चर होऊन.

मागच्या ट्रॅव्हलबाबत मात्र कंपन्यांचं एकमत नाही. ट्रेकने २०१९ मध्ये सुपरकॅलिबर आणली ती फक्त ६० मिलिमीटरची, शॉक सांगाड्याच्या वरच्या नळीतच बसवलेला. टोकियोत महिलांचं सुवर्ण योलांडा नेफने याच सायकलीवर घेतलं. २०२३ च्या आवृत्तीत ट्रॅव्हल ८० झाला. स्पेशलाइज्डने त्याच वर्षी ७५ मिलिमीटरची एपिक वर्ल्ड कप काढली आणि पुढच्या वर्षी १२० ची एपिक ८. स्कॉटच्या शर्यतीच्या स्पार्कला आता १२० आहे आणि शॉक नळीच्या पोटात दडवलेला.

आपल्यासारख्यांनी काय घ्यावं? शर्यत लावायची नसेल तर १२० घ्या. आपल्या वाटांना तो ट्रॅव्हल शोभतो आणि हात कमी दुखतात. दडवलेला शॉक दिसायला देखणा आणि चिखलापासून बराच सुरक्षित. पण हवा तपासायला झाकण उघडा, सॅग बघायला वेगळा दर्शक, आणि खास त्या सांगाड्यासाठी बनवलेला शॉक बिघडला तर बाजारात दुसरा मिळत नाही. मोठ्या शहरात कंपनीचं दुकान असेल तर खुशाल घ्या. नाहीतर ठरावीक मापाचा, उघडा शॉक असलेली सायकल जास्त दिवस साथ देते.

मागच्या त्रिकोणात पिव्हटऐवजी लवचीक कार्बन नळी वापरायची पद्धत मला मनापासून आवडते. कॅनंडेलच्या स्काल्पेलने ती २००१ च्या सुमाराला रुळवली, आता बहुतेकांनी उचलली. बेअरिंगची एक जोडी कमी म्हणजे पावसाळ्यानंतर बदलायचा खर्चही कमी. याउलट ब्रेकच्या नळ्या आणि केबली हेडसेटमधून आत घालायची फॅशन मला साफ नापसंत आहे. हँडलबार स्वच्छ दिसतो, पण वरचं बेअरिंग गंजलं की ते बदलायला कित्येकदा ब्रेकची नळी सोडून पुन्हा तेल भरावं लागतं. चार महिने चिखल असलेल्या प्रदेशात हा उपद्व्याप कशाला?

ड्रॉपर मात्र घ्याच. वजन वाढतं, तरीही. पैसे एका वेळी एकाच सुधारणेला असतील आणि सायकलीला ड्रॉपर नसेल, तर लॉकआउटच्या रिमोटआधी ड्रॉपर.

स्प्रिंगच्या फोर्कचं काय

आपल्याकडच्या बहुसंख्य हार्डटेलवर लोखंडी स्प्रिंगचा फोर्क असतो, एसआर सनटूर एक्ससीटी किंवा एक्ससीएम जातीचा. वजन अडीच किलोच्या आसपास. शर्यतीचा हवेचा फोर्क त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त. या फोर्कची स्प्रिंग एका ठरावीक वजनाच्या माणसासाठी असते. वरची प्रीलोडची गुंडी फिरवून सॅग थोडा बदलतो, स्प्रिंग मात्र कडक किंवा मऊ होत नाही. पन्नास किलोच्या मुलीला तो जेमतेम दबतो, नव्वद किलोच्या माणसाला तळ गाठतो. लॉकआउट डांबरापुरतं वापरा, त्याच्याकडून जास्त अपेक्षा नको.

तो बदलून हवेचा घ्यायचा विचार असेल तर चार मापं जुळवा: स्टिअररची नळी सरळ आहे की खाली जाड होत जाणारी, चाकाचा अक्ष ९ मिलिमीटरचा की १५ चा, चाकाचा आकार, आणि ट्रॅव्हल. मूळ फोर्कपेक्षा २० मिलिमीटर लांब फोर्क लावला की पुढचा कोन सुमारे एक अंशाने कमी होतो. त्याहून जास्त लांबवलं तर सांगाड्यावर ताण येतो आणि वॉरंटीही जाऊ शकते. हे सगळं जुळवता जुळवता खर्च सायकलीच्या निम्म्या किमतीला पोचतो. तिथे थांबा, चांगले टायर घाला आणि पुढच्या सायकलीसाठी पैसे साठवा.

चिखल आणि सर्व्हिस

पावसाळ्यातल्या फेरीनंतर फोर्कच्या चमकत्या नळ्या ओल्या मऊ कापडाने पुसा, सीलच्या कडेचा लाल चिखल बोटाने काढा. गाड्या धुण्याचा जोरदार फवारा सील आणि बेअरिंगवर कधीही मारू नका. गंज घालवणारा स्प्रे सीलवर मारायची सवय असेल तर आजच सोडा. आतलं ग्रीस तो धुऊन नेतो.

फोर्कच्या खालच्या नळ्या उघडून तेल आणि फोमची वळी साफ करायची सर्व्हिस रॉकशॉक्स ५० तासांनी सांगते. पूर्ण सर्व्हिसचा काळ मॉडेलप्रमाणे बदलतो, फॉक्स १२५ तास किंवा वर्षातून एकदा म्हणते. चिखलात ५० तास हा आकडा उदार आहे. पाऊस संपल्यावर, दसऱ्याच्या सुमाराला, ही सर्व्हिस ठरवूनच टाका. लॉक केल्यावर फोर्क पूर्वीपेक्षा जास्त दबतो, डँपरमधून चूळ भरल्यासारखा आवाज येतो, किंवा रिबाउंडची गुंडी फिरवून फरकच पडत नाही, अशी लक्षणं दिसली की तासांची वाट बघू नका. तेलात हवा शिरली आहे किंवा सील गेला आहे.

शॉक पंप सायकलीच्या एका चांगल्या टायरच्या किमतीत येतो. तो नसेल तर घ्या, येत्या रविवारी निघण्याआधी सॅग मोजा, आणि त्या फेरीत डांबर संपल्यापासून खटका मधल्या स्थितीवर ठेवून चढून बघा.